बोळे कोंबलेली खिडकी

मित्रांनो, मी नाशिकरोडच्या एका कामगार चाळीतली जुनी खिडकी आहे. माझी चौकट सागवानी, झडपा काचेच्या. धोंडीराम सुताराने मला बसवलं तेव्हा माझी कडी एका बोटाने सरकत असे. उन्हाळ्यात माणसं माझ्याखाली अंथरूण टाकत आणि म्हणत, "ही खिडकी आहे म्हणून जगलो बाबा!" पुढे माझ्यावर रंगाचे हात चढले, पण कडीला तेलाचा थेंब कोणी घातला नाही. ती गंजत गेली.

१९७८च्या हिवाळ्यात या घरातल्या सिंधुबाईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा छातीतली घरघर थांबली होती, अशक्तपणा तेवढा उरला होता. "गार वाऱ्यात बसू नका," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या सासूबाईंनी, भागुबाईंनी, ते फारच मनावर घेतलं. माझ्या फटीफटींत त्यांनी जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. रोज संध्याकाळी भागुबाई दाराबाहेरच्या ओट्यावर कोळशाची शेगडी पेटवत. निखारे लाल झाले की ती आत आणत, पुढचं आणि स्वयंपाकघराकडचं अशी दोन्ही दारं लोटून घेत आणि सुनेची छाती शेकत बसत.

"धूर न्हाय, मग भ्यायचं काय?" त्या म्हणत.

धूर नव्हता, हे खरं. पण कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांना हवा कमी पडते आणि त्यांच्यातून निघणारा विषारी वायू साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने ठसकासुद्धा लागत नाही.

दुपारी ओट्यावर उन्हात बसली की सिंधुबाई तरतरीत दिसे. संध्याकाळी शेगडी आत आली की तिचं डोकं ठणके, पोटात मळमळे. "दुखणं उलटलं वाटतं," म्हणून भागुबाई आणखी कोळसे घालत. मी बघत होते.

एका संध्याकाळी शेजारची हाजरा शोरबा घेऊन आली.

"काय भागुमावशी, खोली आहे का भट्टी? सुनेला भाजून खाता का काय?"

"हस बाई, हस. हितं माझंच डोकं फुटाया आलंय. सकाळी चांगली व्हते."

हाजरा हसायची थांबली. "आजारी तर ही होती. मग डोकं तुमचं का दुखतंय?"

हाजराने सिंधुबाईला हलवलं. "ए सिंधू, ऊठ ना गं!" सिंधुबाईचे ओठ किंचित हलले. डोळे उघडले नाहीत.

"या अल्ला!" हाजरा माझ्याकडे धावली. तिने बोळे उपटले, कडी ओढली. मित्रांनो, मला उघडायचं होतं! पण गंज सोडेना. तिने पुन्हा ओढली, तिचं बोट कापलं.

"सरका मावशी!" स्वयंपाकघरातला वरवंटा आणून तिने माझ्या काचेवर घातला.

गार वारा आत घुसला. हाजराने शेगडी बाहेर ओढली, मग दोघींनी मिळून सिंधुबाईला ओट्यावर आणलं. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "गार लागतंय हो..."

"लागू दे गं बाई," भागुबाई रडत म्हणाल्या, "लागू दे."

मला नवी काच बसली, कडीला तेलही मिळालं. सिंधुबाई हिंडूफिरू लागली.

आता पुन्हा थंडी पडली आहे. समोरच्या घरातलं तान्हं बाळ छातीच्या दुखण्यातून नुकतंच उठलं आहे. काल तिथल्या खिडकीत कोणीतरी चिंध्या भरत होतं. आज संध्याकाळी त्या बंद काचांमागे लाल उजेड दिसतो आहे. धूर दिसत नाही.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.