सासूच्या परवानगीचा डाव

मुरुम गावाजवळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर दुपारची सुट्टी तासाभराची असे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात निम्मं गाव तिथंच होतं. जमीनवाले आणि बिनजमीनवाले एकाच रांगेत खडी फोडत बसलेले. भाकरी खाऊन बाया बाभळीला बांधलेल्या वाकळेच्या सावलीत टेकायच्या. उन्हाच्या झळांनी झोप लागत नसे, आणि जागं राहिलं की बोलणं फिरून पाण्यावरच यायचं.

मालनबाईला त्याचा वीट आला. ती भीमनगरातली, चौथी पास, बोलायला चुरचुरीत. एके दुपारी तिनं ओच्यात चार वस्तू घेतल्या : खिळा, चिंचोका, बांगडीचा तुकडा आणि सदऱ्याची गुंडी.

"न बघता एकेक उचला. खिळा आला त्यो चोर. चिंचोका बागायतदार. बांगडी आली ती सून, आन गुंडी तहसीलदार. काय घडलं ते मी सांगंन. तुमी काय करता ते तुमी सांगायचं."

"आन जमलं का न्हाय, कसं कळायचं?" धुरपदाबाईनं विचारलं. धुरपदाबाईचं घर वीस एकराचं, पण दोन वर्षं पेरलेलं मातीतच गेलं म्हणून तिच्याही हातात हातोडी आली होती.

"कवड्या टाकायच्या. कवड्या सांगतील."

पहिल्याच डावात धुरपदाबाई चोर झाली. बागायतदाराचे बैल सोडून निघाली आणि वेशीत पकडली गेली, कारण बैलांच्या घुंगुरमाळा काढायच्या राहिल्या होत्या. हसून हसून तिला ठसका लागला. मग रोजच डाव पडू लागला. बांगडी कुणाच्याही हाती येवो, सुनेला सासू लागायचीच. ते काम धुरपदाबाईनं कुणाला न विचारता आपल्याकडं घेतलं. आठवड्यात मुकादम व्यंकटसुद्धा शिट्टी गळ्यात अडकवून सावलीला येऊन बसायला लागला.

मुरुमच्या शाळेतले श्रीमंत नावाचे गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं भित्तिपत्रक चालवत. गावातलं भजन असो, कुस्ती असो, गुरुजी त्यावर अभिप्राय लिहीत. एका दुपारी ते कामावर आले, दहा मिनिटं लांबूनच उभे राहिले आणि गेले. सोमवारी भिंतीवर लागलं. मालनबाईनं बोट ठेवत मोठ्यानं वाचलं :

"या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत, हारजीत नाही. सांगणारी बाई मनाला येईल तसा नियम फिरवते. सबब हा खेळ नसून रिकाम्या वेळची बडबड होय."

"दहा मिन्टं बघून?" धुरपदाबाई उसळली. "भाकर तोंडात न घालता चव सांगतंय व्हय हे मानूस?"

मालनबाईलाही राग आला होता, पण त्यातलं एक वाक्य खरं होतं आणि तेच जास्त झोंबलं होतं. ती खरंच नियम फिरवायची. आवडत्या बाईला एका कवडीवर सोडायची, नावडतीला तीन कवड्यांवरही अडकवायची. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "कवड्या चार. दोन नायतर जास्त उताण्या पडल्या तर जमलं. एकच पडली तर जमलं, पर कायतरी नड येनार. सगळ्या पालथ्या, तर फसलं. ह्यो नियम मला बी मोडता यायचा न्हाय."

मग तिनं भित्तिपत्रकाखाली कोळशानं ठळक अक्षरात लिहिलं : 'गुरुजींनी खेळून बघावं. मग लिहावं.'

गावानं ते वाचलं. गुरुजींना येणं भाग पडलं. धोतर सावरत ते सावलीत बसले आणि ओच्यात हात घालून त्यांनी बांगडीचा तुकडा काढला.

"तुझं लगीन होऊन तीन वर्सं झाली," मालनबाई सांगू लागली. "आज तुझा भाऊ न्यायला आलाय. दारात हुभा हाय. सासूची परवानगी घे."

गुरुजी खाकरले. "सासूबाई, मला चार दिवस माहेरी जाण्याची अनुज्ञा मिळावी."

"अनुज्ञा?" धुरपदाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "ही कंची भाजी गं? तुज्या आईनं शिकवली व्हय?"

कवड्या पडल्या. चारी पालथ्या.

"आई आजारी आहे हो," गुरुजींनी दुसरा मार्ग काढला.

"मागल्या बारीला बी आजारीच व्हती. लई दमाची दिसती तुजी आई."

या वेळी एक कवडी उताणी पडली. "जा," सासू म्हणाली, "पर आदी पायलीभर जवारी दळून."

गुरुजी हसले नाहीत. ते मांडी घालून जात्यावर बसल्यासारखे बसले आणि खरोखर हात फिरवू लागले. कपाळावर घाम आला. तेवढ्यात व्यंकटनं सुट्टी संपल्याची शिट्टी मारली.

"थांबा!" गुरुजी ओरडले. "माझा भाऊ दारात उभा आहे!"

त्यावर जे हसू फुटलं, त्यात व्यंकटला दुसरी शिट्टी मारताच आली नाही.

पुढच्या सोमवारी भिंतीवर नवं आलं : "मागचं लिहिलेलं परत घेतो. या खेळात कोणी हरत नाही असं म्हटलं होतं; मी हरलो. नियम थोडे, सर्वांना सारखे. सांगणारीण उत्तम. एकच दोष, सासू गरजेपेक्षा जास्त बोलते."

धुरपदाबाईनं ते मालनबाईकडून तीनदा वाचून घेतलं आणि भेटेल त्याला ऐकवलं.

दोन दिवसांनी दुपारी एक बाई पिशवी घेऊन कामावर आली. गुरुजींची बायको, लक्ष्मीबाई.

"सासू झालेल्या बाई कुठल्या?" तिनं विचारलं. धुरपदाबाई जरा चपापलीच. "म्या हाय. का वो?"

"बघायला आले. लग्नाला अकरा वर्षं झाली. परवा जेवता जेवता हे आपणहून म्हणाले, नळदुर्गला माहेरी जाऊन ये, हवं तितकं राहा. मला वाटलं, ऊन लागलं ह्यांना. मग सगळं सांगितलं त्यांनी." ती हसली. "एस्टीला अजून वेळ आहे. मला घ्याल का डावात?"

मालनबाईनं ओचा पुढं केला. लक्ष्मीबाईच्या हातात गुंडी आली.

"तुमी तहसीलदार. कामावर आलाय. मान्सं तहानल्यात."

लक्ष्मीबाई ताठ बसली. "मुकादम कोण इथला?" आवाज असा निघाला की व्यंकट खेळात नसतानाही उठून उभा राहिला. "प्यायच्या पाण्याचा पिंप उन्हात का ठेवलाय? आणि एकाच कोपऱ्यात का? लांबच्या बायांनी काय करायचं?"

"व्हय बाईसाहेब," व्यंकट हात जोडून म्हणाला. "आत्ता हालवतो."

कवड्या टाकायच्या राहूनच गेल्या, कारण तो खरोखरच पिंप उचलायला निघाला होता. नळदुर्गची एस्टी धूळ उडवत निघून गेली. लक्ष्मीबाईनं एकदा तिकडं पाहिलं आणि म्हणाली, "चारची गाठीन. आता मला चोर व्हायचंय."