हावगेप्पाचे सोमवार

हावगेप्पा कमलनगरहून खेड्यांवर जीप चालवायचा. हात सफाईदार, गाडी टकाटक, तोंड मात्र फटकळ. त्या वर्षी तर त्याचं डोकं फारच लवकर तापायला लागलं होतं. कुणी दार जोरात आपटलं की ओरडायचा, कुणी खिडकीतून थुंकलं की ओरडायचा. एका सोमवारी सत्यभामाबाई मेथीची पाटी घेऊन बाजारात उतरत होत्या. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, जरा वेळ लागला. तर हा मागं वळून खेकसला, "उतरायलाव का जीपेतच संसार मांडायलाव?"

बाई पाटी उचलून चालू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या फाट्यावर उभ्या दिसायच्या, पण हावगेप्पाची जीप आली की तोंड फिरवून दुसऱ्या जीपची वाट बघायच्या.

त्याच्या बायकोनं, बसम्मानं, ही गोष्ट लेकीच्या कानावर घातली. शैलश्री बीदरला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. शनिवारी घरी यायची, सोमवारी सकाळी पहिल्या बसनं परत जायची. त्या शनिवारी आल्या आल्या तिनं अप्पांचा फोन मागून घेतला.

"काय घालायलीस त्याच्यात?" हावगेप्पानं विचारलं.

"मन सांभाळायचं ॲप हाय, अप्पा. दिवसातून तीनदा विचारतंय, आता कसे आहात म्हणून. जसं वाटतंय तसला चेहरा दाबायचा. अन् राग आला की हे बटन दाबायचं. श्वास कसा घ्यायचा ते सांगतंय."

"मला काय येड लागलंय व्हय?"

"बीपीचं मशीन लावल्यावर येडे होतात का लोक? महिनाभर दाबा. खरं खरं दाबा. नको वाटलं तर मीच काढून टाकते."

ॲप कन्नडमध्ये होतं आणि हावगेप्पाची शाळाही कन्नडच, त्यामुळं वाचायची अडचण नव्हती. हसऱ्या हिरव्या चेहऱ्यापासून रागीट लाल चेहऱ्यापर्यंत पाच चेहरे होते. पहिले काही दिवस लेक फोनवर विचारेल या धाकानं त्यानं दाबले. मग सवयच लागली.

एका दुपारी रेल्वेचं फाटक पडलं. जीपमध्ये अकरा माणसं, वर ऊन, मागं ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. हावगेप्पाच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. त्यानं बटन दाबलं. पण फोन जीपच्या स्पीकरला जोडलेला होता, आणि ॲपमधल्या बाईचा गोड कन्नड आवाज सगळ्या गाडीत घुमला, "निधान... निधान... श्वास आत घ्या."

मागं बसलेला काशप्पा शिंपी दचकला. "ही कोण बाई? निधान कामून म्हणायलीय?"

"हळू घ्या म्हणायलीय. श्वास घ्यायचाय." हावगेप्पा लाजून म्हणाला.

"मग आमी बी घ्यावं का?"

आणि खरंच, कोंबडीच्या टोपलीसकट बसलेल्या माणसानंही डोळे मिटले. अकरा माणसं छाती भरून श्वास घेत होती आणि बाई सांगेल तेव्हाच सोडत होती. मालगाडी कधी गेली, फाटक कधी उघडलं, कुणालाच कळलं नाही. शेवटी मागचा ट्रकवाला उतरून काचेवर टकटक करायला आला. "अण्णा, सगळे झोपलाव का?" असं त्यानं विचारलं आणि जीप हसण्यानं हादरली.

महिना संपला. रविवारी शैलश्रीनं ॲपमधला महिन्याचा तक्ता उघडला. बरेच दिवस पिवळे, काही हिरवे. लाल चेहरे मात्र एकाखाली एक, सरळ रांगेत.

"अप्पा, हे सगळे सोमवार हायेत. सोमवारी काय होतंय?"

हावगेप्पानं त्या लाल रांगेवरून बोट फिरवलं. "सोमवारी तू जातीस," तो म्हणाला. "तुला बसमध्ये बसवतो अन् जीपेकडं येतो. बाजूची सीट रिकामी दिसतीय. मग म्होरं येईल त्याच्यावर निघतंय. मला वाटलं, राग हाय."

चुलीपाशी बसम्माचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मला बी सोमवारी जेवण जात न्हाई, अप्पा," शैलश्री म्हणाली. "मेसमधल्या चंद्रम्मा दर सोमवारी विचारतात, आज ताट कामून तसंच?"

तिघंही एकमेकांकडं बघून हसली, आणि हसता हसता बसम्मानं पदर डोळ्याला लावला. दर सोमवारी दुपारच्या सुट्टीत शैलश्रीनं फोन करायचा आणि बापलेकीनं तेव्हाच जेवायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला बसवून हावगेप्पा फाट्यावर आला. सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं. तो जीप बंद करून खाली उतरला.

"काकू, त्या दिवशी चुकलं माझं. लेकराला सोडून आलो हुतो. जीव थाऱ्यावर नव्हता. तुमच्यावर काढलं."

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग तवाच सांगायचं की! माझी थोरली सासरी गेली तवा मी आठ दिवस म्हशीला शिव्या दिल्या. म्हस आटली."

"मग काय केलाव?"

"काय करणार? लेकीला चार दिवस बोलवून घेतलं. म्हस बी सुधारली, मी बी."

हावगेप्पा पोट धरून हसला. त्यानं मेथीची पाटी उचलून टपावर ठेवली आणि बाईंना पुढच्या सीटवर बसवलं. बाजार येईपर्यंत बाई त्या म्हशीबद्दलच बोलत होत्या, आणि तो मधूनमधून विचारत होता, "मग म्होरं?"