हिरव्या शाईतला दगड

"ही एकच काच का राहिली?" साहेबांनी विचारलं.

"राहिली नाही, ठेवली. ती मी पुसणार नाही," धाकट्या बाई म्हणाल्या आणि हातातली दुसरी काच पुसत राहिल्या.

साहेब तसे वाईट नव्हते. वेधशाळेच्या तळघरात आकाशाचे जुने फोटो होते, काचेवर काढलेले, नऊ हजार. आता ते स्कॅन व्हायचे होते, आणि काचेच्या मागची शाई मध्ये येते म्हणून आधी ती ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या माणसांनी मोजताना केलेल्या खुणा, बाण, आकडे, सगळं साफ. धाकट्या बाईंनी आठ महिन्यांत साडेसहा हजार काचा पुसल्या होत्या, एका शब्दाने कुरकुर केली नव्हती.

या काचेवर मात्र हिरव्या शाईचं मुगाएवढं वर्तुळ होतं. आत केसाच्या तुकड्यासारखी रेघ. शेजारी लाल शाईत ठसठशीत लिहिलेलं: धूळ. लाल अक्षर तेव्हाच्या मोठ्या साहेबांचं. वर्तुळ थोरल्या बाईंचं, म्हणजे धाकट्या बाईंच्या सासूबाईंचं. दोघींना ही नावं ऑफिसनेच देऊन टाकली होती.

थोरल्या बाई तेव्हा मोजणीच्या टेबलावर होत्या. ताऱ्याचा ठिपका उमटतो, सरकणाऱ्या वस्तूची रेघ. हा लघुग्रह आहे, असं त्यांनी सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, दुसऱ्या काचेवर दाखवा. त्या रात्री मोठ्या साहेबांनी स्वतःच आकाशाच्या त्याच भागाचे फोटो दोन काचांवर काढले होते. सकाळी वाळत ठेवलेल्या त्या दोन्ही काचा थोरल्या बाईंनी पाहिल्या होत्या. पण मोठ्या साहेबांना ते काही आठवेना, आणि दुसरी काच सापडेना. महिन्याभरात बाईंना टेबलावरून उठवून काचांच्या पाकिटांवर नंबर घालायला बसवलं. एकोणीस वर्षं त्या नंबर घालत होत्या, एका रेघेपायी.

"शनिवारी या खोक्याचा नंबर लागेल," साहेब म्हणाले. "नाहीतर मला दुसऱ्या कुणाकडून पुसून घ्यावी लागेल."

"बघा घेऊन. फडकं माझ्या हातात आहे अजून."

घरी थोरल्या बाई मटार सोलत बसल्या होत्या. डोळे अधू झाले होते, जीभ नाही.

"पुसून टाक की. माझ्यापायी नोकरी घालवून बसशील," त्या म्हणाल्या.

"आई, काचेवर तारीख कुठली लिहायचे तेव्हा?"

"रात्र ज्या संध्याकाळी सुरू झाली तिची. पहाटेची काच असली तरी तीच. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"आणि कुणी कॅलेंडर बघून लिहिली तर?"

मटार सोलणारे हात थांबले.

"तर ती पुढच्या तारखेच्या खोक्यात जाईल," थोरल्या बाई हळूच म्हणाल्या. "आणि मी बसेन आदल्या तारखेचं खोकं उचकत." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मोठे साहेब चुकतील, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं?"

दुसऱ्या दिवशी पुढच्या तारखेच्या खोक्यात ती मिळाली, अकरावी काच. कोपऱ्यात तेच लाल अक्षर, वेळ पहाटे दोनची. तारे तेच. रेघही होती, दोन मिलिमीटर पुढे सरकलेली. धाकट्या बाई भिंगाला डोळा लावून रडल्या. मग तोंड धुऊन आल्या आणि सासूबाईंनी शिकवलं होतं तसं मोजायला बसल्या. आकडे बघून साहेबही चाट पडले. लघुग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला त्यांनी स्वतः ईमेल पाठवला.

शुक्रवारी उत्तर आलं. मंगळाच्या पलीकडे, लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरणारा, कोळशासारखा काळा दगड. अंगावर पडलेल्या उजेडातले शंभरातले चार भाग तेवढे परत देतो, म्हणून सहजी नजरेत भरत नाही. थोरल्या बाईंच्या वर्तुळानंतर सव्वीस वर्षांनी दुसरीकडच्या लोकांनी तो शोधला, नाव त्यांनी ठेवलं. पण सगळ्यात जुनी नोंद आता या दोन काचांची.

शनिवारी थोरल्या बाई काठी टेकत तळघराच्या बावीस पायऱ्या उतरल्या. सुनेने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

"अभिनंदन, बाई," साहेब म्हणाले. "नाव ठेवायचा मान मात्र..."

"त्यांचा आहे, त्यांना लखलाभ. मला नाव नको होतं. मला माझं टेबल हवं होतं."

"फडकं दे गं," थोरल्या बाई सुनेला म्हणाल्या. आणि त्यांनी ते लाल अक्षर पुसलं, सावकाश, काच चकचकीत होईपर्यंत. हिरव्या वर्तुळाला फडकं लागू दिलं नाही. "हे राहील. येऊ दे तुमच्या स्कॅनमध्ये."

"पण नियम आहे..."

"मग तुम्ही पुसा," धाकट्या बाई म्हणाल्या आणि सासूच्या हातातलं फडकं घेऊन साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी फडक्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी काच उचलली, वर्तुळासकट यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं.

थोरल्या बाईंनी फडकं परत घेतलं, लाल डाग आत जाईल अशी घडी घालून पर्समध्ये टाकलं. मोजणीचं टेबल कुठे गेलं, म्हणून विचारलं. ते तिथेच भिंतीपाशी होतं, त्यावर आता प्रिंटर ठेवला होता. थोरल्या बाईंनी खुर्ची ओढली आणि तिथे जाऊन बसल्या.