डब्यात झोपणारे प्राणी

शाळेच्या दिवसांत चिमी आईकडे राहणार की बाबांकडे, हे ज्यावर ठरायचं होतं तो अहवाल कोर्टाच्या समुपदेशक मॅडम आज लिहिणार होत्या. आईला अट एकच होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि तासभर चकार शब्द काढायचा नाही.

बाबांनी जपानी बुद्धिबळाचा छोटा पट आणला होता. तीन घरं रुंद, चार घरं लांब. दोघांकडे एकेक सिंह, जिराफ, हत्ती आणि कोंबडीचं पिल्लू. सिंह कोणत्याही बाजूला एक घर, जिराफ उभा-आडवा, हत्ती तिरका, पिल्लू फक्त पुढे. समोरच्याचा सिंह धरला की डाव जिंकला. चिमीला सगळं पाठ होतं. आईशी ती घरी रोज खेळायची.

तिच्या पिल्लाने बाबांचं पिल्लू धरलं, बाबांच्या सिंहाने तिचं. चिमीने हातातलं पिल्लू शहाण्यासारखं डब्यात ठेवून आणखी एक चाल केली. बाबांनी मात्र तिचंच पिल्लू फिरवून तिच्या सिंहापुढे उभं केलं.

"ते माझं आहे," चिमी म्हणाली. "आणि ते झोपलंय."

बाबांनी समजावलं, धरलेला प्राणी आपला होतो, आपल्या चालीला रिकाम्या घरात उतरवता येतो. मॅडमनी विचारलं, घरी कसं खेळता? धरलेले प्राणी डाव संपेपर्यंत झोपतात, आईच म्हणते, असं चिमीने सांगितलं.

आईच्या ओठांवर शब्द आले. चार वर्षांची असताना आपलाच हत्ती अंगावर आलेला बघून ही पोर ताप येईपर्यंत रडली होती. म्हणून तो नियम, तोही तात्पुरता. बदलायचा राहूनच गेला.

आईने सोपं करून दिलं असेल, तू लहान होतीस ना, असं बाबा म्हणाले. आईला बोट ठेवायलाही जागा सोडली नाही त्यांनी.

दुसऱ्या डावात चिमीने बाबांचा जिराफ धरला आणि पुढच्या चालीला तो वळवून त्यांच्याच सिंहाशेजारी उतरवला. सिंहाला हलायला जागा उरली नाही. चिमी खदखदून हसली.

घरचा खेळ आवडतो की इथला, मॅडमनी विचारलं.

चिमीने खरोखर विचार केला. "इथला." मग ती आईकडे वळली. "घरी मी जिंकायचे, ते खोटं होतं का गं?"

आई अर्धवट उठली. मॅडमनी वर न बघता तळहात दाखवला आणि लिहीत राहिल्या. आई खाली बसली. चिमीने थोडा वेळ वाट पाहिली, मग नवा डाव मांडायला घेतला.