डोक्यातला पाहुणा

डाव्या करंगळीला मुंग्या.

जळक्या रबराचा वास. घर पालथं घातलं, जळकं काहीच नाही.

"ताई, काय शोधतेयस?" "कात्री. भाजीत चिमूटभर घालायची राहिली."

डोक्याचे दोन फोटो, मध्ये दोन वर्षं. एकात ठिपका उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे.

हे सगळं ताईचं. ताई म्हणजे रंगीत माशांच्या दुकानाची मालकीण. तोंडाची टकळी अशी की गिऱ्हाईक एक मासा बघायला यायचं आणि टाकीसकट घरी जायचं. धाकटा भाऊ तिच्या हाताखाली. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं, म्हणजे मुख्यतः बोलून बोलून. झोपेतही ती पुटपुटायची, आणि भिंतीपलीकडे ते ऐकू आलं की त्याला झोप लागायची.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो उजेडावर लावले.

"गाठ असती तर जागच्या जागी वाढली असती. ही चालतेय."

"चालतेय म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"जिवंत आहे. पट्टकृमीची अळी, पांढऱ्या फितीसारखी. माणसाच्या मेंदूत फार क्वचित सापडते. आता बोलण्याच्या जागेला टेकलीय." त्या ताईकडे वळल्या. "कच्चा बेडूक, साप, असलं काही खाल्लंत?"

"एवढी उपासमार नाही हो आमची."

"तळ्याचं पाणी?"

"शी. कोण पितं?"

धाकट्याला दुकानातली नळी आठवली. माशांना जिवंत खाणं लागतं, तळ्यातले जेमतेम दिसणारे पाणकिडे. ते पाण्यासकट पिंपातून आणायचे आणि रबरी नळीने टाक्यांमध्ये सोडायचे. नळी चालू करायला तोंडाने ओढायची. त्याने एकदा पंप आणला होता. 'मेला किडे चिरडतो' म्हणत ताईने तो माळ्यावर टाकला. ओढताना एखादा घोट घशाखाली जायचाच. थुंकायचं, तोंड पुसायचं, पुढची टाकी.

त्याने ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्या किड्यांच्या पोटातूनच येतं ते, म्हणाल्या.

"म्हणजे पाहुणा नळीतून आला," ताई म्हणाली, "आणि आता खोल्या बघत हिंडतोय."

डॉक्टरीणबाईंनी फोटो उतरवले आणि पुढचं सांगितलं.

काढायचं ते जागेपणी. कवटी उघडी, ताई बोलत राहणार आणि डॉक्टरीणबाई चिमट्याने ओढणार. अळी तुटली आणि तिचं डोकं आत राहिलं, तर ती पुन्हा वाढणार. ओढताना बोलणं जाऊ शकतं, कायमचं.

"तुम्ही अडखळलात की मी हात थांबवीन."

"थांबवायचा नाही," ताई म्हणाली. "अर्धवट काढलेलं मला चालत नाही. मी मुकी झाले तरी ओढा."

घरी धाकटा तिच्या मागे मागे फिरला. "राहिला थोडा तर राहू दे ना, ताई. तू बोलली नाहीस तर मी काय करू?"

"आजवर कधी ऐकलंयस माझं? मग तुझं काय अडणार आहे?"

मग तिने त्याचा हात धरून आपल्या कानामागे टेकवला. "हळू बोल. आपण त्याच्याबद्दल बोललो की तो हलतो."

धाकट्याच्या बोटांना काहीच लागलं नाही. तरी त्या दिवसापासून तो पाहुण्याविषयी बोलायला अंगणात जायचा, एकटाच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला दाराबाहेरचं बाकडं मिळालं. दाराआडून ताईचा आवाज येत होता. काय बोलू विचारलं असेल तिने, आणि सापडलं असेल ते दुकानच. ती टाक्या ओळीने सांगत होती. पहिलीत काळे परीमासे, मादी चावरी आहे. दुसरीत सोनमासे, त्यांना जास्त खायला घालू नका, फुगतात. तिसरीत झाडूमासे. चौथीत, चौथीत दिवा. पाचवीत मावशी, ओली.

मग आवाज बंद झाला. दाराआड कोणीतरी "डोकं आलं" म्हणालं.

डॉक्टरीणबाईंनी बरणी दाखवली. वीतभर लांब फीत, अख्खी, आणि अजून वळवळणारी. धाकट्याने पाहिली आणि तोंड फिरवलं.

ताई आता दुकानात येते. सगळं समजतं तिला, हातही पूर्वीसारखेच चपळ. माशाचं दुखणं ती लांबूनच ओळखते आणि बोट दाखवते. गिऱ्हाइकांशी धाकटा बोलतो. ती एक मासा बघतात आणि जातात. रात्री भिंतीपलीकडे काही ऐकू येत नाही, म्हणून तो जागा राहतो.

एकदा दुकानात कोणी नसताना त्याने विचारलं, "ताई, त्या वेळी तुला खरंच तेच म्हणायचं होतं का गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की शेवटी त्याने फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसायला लागला.

दाराआडून आलेला ताईचा शेवटचा शब्द 'थांबा' होता.