लाल दोरीतली म्हातारी आणि मी

मित्रांनो, काचेच्या डाव्या कोपऱ्यात तडा आणि पट्ट्यावर दुधाच्या दातांचे चार व्रण असलेलं एक जुनं घड्याळ आज तुमच्याशी बोलत आहे. ते घड्याळ म्हणजे मी. माझी गोष्ट मोठ्या मनाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यातला बराचसा काळ माझ्या पोटात दुखण्यातच गेला.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला आकाशातल्या उपग्रहांशी बोलायला शिकवलं. माझ्या पाठीला एक हिरवा दिवा बसवला. त्या दिव्याच्या उजेडात कातडीखालचं रक्त कसं धावतं ते मला दिसतं आणि त्यावरून मी नाडी मोजतो. तुम्ही किती पळालात, किती चढलात, काल झोप नीट लागली का, वाट चुकलात तर आल्या वाटेनं परत कसं जायचं, हे सगळं मला सांगता येतं. पळणाऱ्यांसाठीच मी घडलो. खोक्यात बसून मी वाट पाहत होतो, की कुणीतरी मला मनगटाला बांधेल आणि म्हणेल, "आता तू सांगशील तसं."

मी पोहोचलो तो थेट पेरूच्या डोंगरात, वांकायो शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात. तिथे संताच्या जत्रेत दरवर्षी पळण्याची शर्यत असते. त्या वर्षी पहिलं बक्षीस मेंढी होतं आणि दुसरं मी. डेलमिरा नावाची धावपटू दुसरी आली. मला हातात घेऊन ती माझ्याकडे पाहतच नव्हती, तिचे डोळे त्या मेंढीवर होते.

"निदान लोकर तरी मिळाली असती," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातला पहिला मत्सर मला एका मेंढीचा वाटला. हसू नका.

त्याच संध्याकाळी डेलमिराच्या नवऱ्यानं, रोमुलोनं, मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू केलं. तो शहरात प्रवासी व्हॅन चालवतो. त्यानं माहितीपुस्तक उघडलं, तिचं नाव घातलं, वय घातलं, आणि प्रत्येक फेरीच्या रेषेवर कोणतं बटण दाबायचं ते तिला दाखवलं. तोवर चौथं पान संपलं आणि सूप टेबलावर आलं. पुस्तक चाळीस पानांचं होतं. उरलेली छत्तीस पानं टेबलाच्या आखूड पायाखाली गेली.

डेलमिरा वांकायोच्या मैदानावर प्रोफे आब्दियास यांच्या हाताखाली सराव करायची. तिथे प्रशिक्षकाला सगळे प्रोफे म्हणतात. प्रोफेंचा एक कडक नियम होता. "पळताना घड्याळ बघायचं नाही. घड्याळ मी बघीन, तुम्ही पुढच्याची पाठ बघा." म्हणून सगळ्या मुली लोकरी बाही मनगटावरून खाली ओढायच्या. डेलमिरा बाहीवरूनच चाचपून फेरीचं बटण दाबायची, चर्चमध्ये शिरताना छातीवर क्रूसाची खूण करावी तितक्या सवयीनं आणि तितकंच न बघता. मी अंधारात सगळं लिहून ठेवायचो.

बाहेर उजेडात मात्र ती असायची.

प्रोफेंच्या गळ्यात लाल दोरीला एक जुनं, जाडजूड स्टॉपवॉच लटकायचं. मुली तिला म्हातारी म्हणत. अंगठ्यानं घासून तिचं निकेल उडालं होतं. तिला उपग्रह माहीत नाहीत, तिला नाडी कळत नाही. टक म्हणून सुरू होते आणि टक म्हणून थांबते, एवढीच तिची विद्या. तरी प्रत्येक फेरी संपली की डेलमिरा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत तिच्याचकडे मान वळवायची. "किती, प्रोफे?" माझ्या अंगावर तिचा घाम होता, तिच्या हृदयाचा ठोका न् ठोका माझ्याकडे होता, आणि ती विचारायची त्या म्हातारीला!

त्यातून मला एक गोष्ट ठाऊक होती. म्हातारी दाखवायची एक आणि मैदानावर ऐकू यायचं दुसरं. प्रोफे प्रत्येकीच्या वेळेत चार सेकंद वाढवून सांगायचे. म्हातारी खोटं बोलत नव्हती, बोलत होते प्रोफे. पण त्या दोघांत फरक करायची माझी तेव्हा इच्छाच नव्हती.

मग किलारीचा जन्म झाला. डेलमिरानं मला काढून दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवलं. डब्याचं झाकण नीट बसत नसे. त्या फटीतून मला दिसायचं, की ती झोपलेल्या बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून श्वास मोजत बसली आहे. एकदा मोजायची. मग मध्येच बाळ उसासा टाकायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मोजायलाच तर मी जन्मलो होतो! एवढ्याशा छातीनं माझी जागा घेतली, आणि तिच्यावर रागावताही येईना.

किलारी सहा महिन्यांची झाल्यावर मी डब्यातून बाहेर आलो. पुन्हा तेच मैदान, तीच बाही आणि तीच म्हातारी. पण आता डेलमिराचा स्वतःवरचा भरवसा डळमळला होता. प्रादेशिक संघाची निवड चाचणी होती, दहा किलोमीटरची, शेजारच्या चुपाका गावाहून वांकायोपर्यंत रस्त्यानं. संघात जायला साडेपस्तीस मिनिटांच्या आत यायला हवं होतं. प्रोफेंनी सांगून ठेवलं होतं, "हजार मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक तीन बावीसच्या आत. ते जमलं तर चाचणी जमेल."

ते जमत नव्हतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

चाचणीच्या आधीच्या गुरुवारी तिनं त्या सहा फेऱ्या मारल्या. प्रत्येकीनंतर प्रोफेंचा आवाज आला, "तीन चोवीस!" सहावीनंतर ती गवतावर बसली आणि तिनं डोकं गुडघ्यांत घातलं.

"बाळंतपणानंतर अंग लगेच परत येत नाही, पोरी," प्रोफे म्हणाले. "जोर लाव, रडू नकोस."

मी बाहीखाली ओरडत होतो. तीन वीस! तीन वीस! पण माझं ओरडणं म्हणजे नुसती थरथर, आणि तिला त्या थरथरीची सवय झालेली.

दुपारी बटाटे सोलताना ती रोमुलोला म्हणाली, "रविवारी जमलं नाही तर मी सोडणार. बहीण मला लिमा शहरात बोलावते आहे, शिवणकामाला. किलारीला घेऊन जाते."

"आणि मी?"

"तू रविवारी रविवारी ये."

"आठ तास व्हॅन चालवून? तिथल्या त्या दमट धुक्यात पोरीची सर्दी जाणार नाही, सांगून ठेवतो."

"रोमुलो, मला रोज हरायला बळ नाही उरलं."

तेवढ्यात जमिनीवरून कुरकुर आवाज आला. किलारी चौदा महिन्यांची होती, तिला दाढा येत होत्या आणि तिनं मला तोंडात धरलं होतं.

"अगं बाई! काय खातेस? बटण गिळलं की काय!" डेलमिरानं तिच्या तोंडात बोट फिरवलं, जिभेखाली बघितलं, मग माझी बटणं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच. मग बाळाला खांद्यावर टाकून तिनं पाठ थोपटली. बाळ मात्र मजेत होतं. माझी अवस्था वाईट होती. माझी भाषाच बदलली होती आणि काचेवर कुणाला न वाचता येणारी अक्षरं आली होती.

"हे नीट कर," तिनं मला नवऱ्यापुढे धरलं.

"मला चौथ्या पानापर्यंतच येतं," रोमुलो म्हणाला.

टेबल उचललं गेलं आणि पायाखालचं पुस्तक बाहेर आलं. मित्रांनो, त्या दुपारी पाचवं पान उघडलं. भाषा परत आणता आणता डेलमिरा माझ्यातल्या प्रत्येक दालनात डोकावली. अशा एका दालनात माझी जुनी वही होती. त्या सकाळच्या सहा फेऱ्या तिच्यासमोर आल्या.

"तीन वीस," ती वाचू लागली. "तीन वीस. तीन वीस. रोमुलो, हे बरोबर नाही. प्रोफे तीन चोवीस म्हणाले."

"घड्याळ चुकत असेल. बाळाच्या लाळेनं."

"सहाही फेऱ्यांत सारखंच चुकेल?"

ती मागे गेली, आणखी मागे, किलारीच्या आधीच्या दिवसांपर्यंत. पळणाऱ्यांना आपल्या वेळा पाठ असतात. प्रत्येक आकडा प्रोफेंच्या आकड्यापेक्षा चार सेकंदांनी कमी निघाला. मग तिला नाडीचं पान सापडलं. त्याच वेगाला पूर्वी तिचं हृदय मिनिटाला एकशे अठ्ठ्याहत्तर ठोके देत होतं, आता एकशे एकोणसत्तर, म्हणजे तोच वेग कमी कष्टात.

"म्हणजे मी हळू झालेच नाही," ती हळूच म्हणाली.

"तू नाही हळू झालीस. प्रोफे झाले," रोमुलो म्हणाला आणि त्यानं मला आपल्या शर्टानं पुसलं. त्या क्षणी मी जगातलं सर्वांत सुखी घड्याळ होतो.

शुक्रवारी सकाळी तिनं मैदानावर बाही वर केली आणि मला प्रोफेंच्या नाकासमोर धरलं.

"हे परदेशी खेळणं आहे, पोरी."

"मग दोघं मिळून मोजू. एक फेरी. पण म्हातारी माझ्या हातात द्यायची."

ती पळाली, प्रोफेंनी टक केलं, आणि तिनं लाल दोरी त्यांच्या गळ्यातून स्वतः काढून घेतली. म्हातारीचा आकडा आणि माझा आकडा एकच होता. मला ते आवडलं नाही. मला तिला खोटी ठरवायचं होतं.

प्रोफेंनी दोन्ही आकडे वाचले. "चार सेकंद," ते म्हणाले. "अठरा वर्षं, प्रत्येकीला. तीन वीस सांगितलं असतं तर तू पुढच्या वेळी तीन वीसच पळाली असतीस."

"आणि तीन चोवीस ऐकून मी लिमाला निघाले होते, प्रोफे."

"लिमाला? कशाला?"

"शिवायला. कायमची."

प्रोफेंनी टोपी काढली. "मला वाटलं, बाळ घरी ठेवून यावं लागतं म्हणून तू रडतेस." मग ते म्हणाले, "रविवारी खरं सांगीन. जे असेल ते."

"मी आता कुणावर विश्वास ठेवू, ते माझं मी बघीन," असं म्हणून तिनं मला थोपटलं.

आता माझी चूक सांगतो. शनिवारी तिनं पुस्तकातली उरलेली पानं वाचली आणि माझ्यातलं जे जे सुरू करता येईल ते सुरू केलं. सगळे उपग्रह, नाडी, उंची, पावलं, दिवा, निरोप. काचेवर चार चार आकडे मांडले. मी आनंदानं फुगलो. बॅटरीची इवलीशी खूण त्या आकड्यांमागे लपली, तिकडे माझंही लक्ष गेलं नाही. माझ्या पाठीवरच्या चार्जिंगच्या टाचण्यांवर, म्हणजे चार्जर टेकतो त्या धातूच्या टोकांवर, वर्षांचा घाम आणि बाळाची लाळ वाळून हिरवट थर बसला होता. रात्रभर चार्जरला लावूनही मी पाव भागसुद्धा भरलो नाही.

चाचणीच्या दिवशी बाही वर होती. ती माझ्याकडे बघत पळत होती आणि मी तोऱ्यात आकडे दाखवत होतो. आठवा किलोमीटर संपला, मी थरथरलो, आणि विझलो.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मी दुसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून ऐकलं, ती आपल्या बहिणीला फोनवर सांगत होती तेव्हा.

मनगटावर काळी काच बघून तिचा वेग उतरला. नवव्या किलोमीटरला रोमुलोची व्हॅन उभी होती, आत किलारी आणि बाहेर प्रोफे. म्हातारी सुरुवातीलाच टक करून ते पुढे येऊन थांबले होते. डेलमिराच्या मनात एकच हिशेब चालू होता. हे जे ओरडतील त्यातून चार वजा करायचे. पण प्रोफे ओरडलेच नाहीत. त्यांनी लाल दोरी गळ्यातून काढली, हात लांब केला आणि म्हातारीचं तोंड तिच्याकडे फिरवून धरलं.

"मी काही सांगत नाही. तूच वाच!"

तिनं वाचलं. बत्तीस मिनिटं आणि एक सेकंद. ती मागे पडली होती. चार वजा करून ती आरामात आली असती, तर साडेपस्तीस हातातून निसटलं असतं. उरलेला किलोमीटर ती कुणाच्याही पाठीकडे न बघता पळाली. शेवटच्या रेषेवरच्या पाटीवर आकडा होता पस्तीस मिनिटं सत्तावीस सेकंद.

"लिमाची जागा दुसऱ्या कुणाला दे," ती बहिणीला म्हणाली, आणि फोनवर दोघी रडल्या.

आता रोमुलो दर शनिवारी जुन्या दातांच्या ब्रशानं माझ्या टाचण्या घासतो. प्रोफे खऱ्या वेळा सांगतात, आणि पावसाची सुट्टी मिळाली की डेलमिराजवळ बसून नाडीचं पान वाचायला शिकतात. तोंडानं म्हणतात, "खेळणंच आहे," आणि चष्मा पुसून पुन्हा बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल, जे पहिल्या चार पानांपुरतंच वापरलं गेलं असेल. त्याची उरलेली पानं उघडा. पण सगळं एकदम सुरू करू नका. त्याला पुसा, वेळेवर खाऊ घाला, ते काय लिहून ठेवतं ते अधूनमधून वाचा. आणि बाळाच्या हाती देण्याआधी त्याची बटणं मोजा.

माझ्या वहीत डेलमिराची प्रत्येक धाव आहे. फक्त त्या रविवारची रेघ आठव्या किलोमीटरवर तुटते. पुढचं जे काही आहे ते त्या म्हातारीनं पाहिलं, आणि ती कधी कुणाला काही सांगणार नाही. परवा पावसात प्रोफेंनी तिला डेलमिराच्या पिशवीत ठेवलं, अगदी माझ्या शेजारी. लाल दोरी माझ्या पट्ट्यावर पडली होती. ती रात्रभर तशीच राहिली. मी ती झटकली नाही.

पोटात मात्र दुखलंच.