पाचवी तक्रार

"सहा महिन्यांत तुमच्या वस्तीतून तक्रारी किती? चार." पोलीस ठाण्याच्या साहेबांनी चार बोटं वर करून दाखवली, जणू समोर बालवाडी बसली होती. "चार तक्रारींवर चौकीला जादा माणसं कुठून देऊ? आहे तो एक शिपाई तीन वस्त्या बघतो."

वाचनालयाच्या खोलीत साठेक माणसं कोंबली होती. सगळी एकदम बोलायला लागली, म्हणून कुणाचंच ऐकू येईना. मग मागच्या रांगेतून कुलूपवाला उठला, वाट काढत पुढे गेला आणि हातातली पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. पाण्याचा पेला उडाला. मागचे लोक माना उंचावून बघायला लागले.

"एकतीस आहेत. तुटलेली कुलपं आन् उचकटलेले कोयंडे. याच वस्तीतले, याच सहा महिन्यांतले. मोजून घ्या."

पहिल्या रांगेत त्याची ताई मांडीवर हात ठेवून बसली होती. तो साहेबांशी बोलत असला तरी बोलत होता तिच्यासाठीच. तीन महिन्यांपूर्वी ती दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेली आणि भरदुपारी तिचं घर फुटलं. मेव्हणे वारल्यावर तिने जपलेलं त्यांचं घड्याळ गेलं आणि तिची झोपही गेली. आयुष्यभर इस्पितळात एकटीने रात्रपाळ्या केलेली ही बाई आता दाराला खुर्ची लावून झोपत होती. तिने साफ सांगितलं होतं, "चौकीत माणूस दिसला तर राहते. नाहीतर लेकीच्या गावी जाते." बायको गेल्यापासून तो दुपारचं जेवण ताईकडेच जेवायचा. ताई गेली तर वस्तीत त्याला 'जेवलास का' विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

साहेबांनी एक कोयंडा उचलून उलटसुलट केला. "हे दारावरून काढले कुणी?"

"मीच."

"पंचनाम्याआधी?"

"पंचनाम्याला येतंय कोण, साहेब? चौकीलाच कुलूप असतं. तेसुद्धा मीच बसवलंय."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "म्हणजे पुरावा तुम्हीच काढून नेलात. तासाभरात दार नीट करून दिलंत, लोक गप्प बसले, कागदावर गुन्हाच नाही. आणि आता माणसं मागायला आलात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कुणीतरी मागून ओरडलं. पण कुलूपवाल्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. घर फुटलं की लोक ठाण्यावर नाही, त्याच्याकडे धावायचे. ठाणं दोन बस बदलून, आणि तिथे गेलं तर बाकावर दुपार जायची. हा मात्र हातातला घास टाकून यायचा. नवं कुलूप बसवायचा, दोन्ही किल्ल्या घरच्यांच्या हातात मोजून द्यायचा आणि म्हणायचा, "झोपा आता निवांत." बत्तीस वर्षांत त्याने कुणाची किल्ली स्वतःजवळ ठेवली नव्हती. याच गोष्टीचा त्याला अभिमान होता.

"विचार करू," म्हणून साहेब उठले. त्याने कुलपं पुन्हा पिशवीत भरली. भरायला एकानेही हात लावला नाही.

नवव्या दिवशी ताईचा फोन आला. "परत फोडलं रे. भाजी घेऊन आले तर दार सताड उघडं."

तो हत्यारं घेऊन पोचला. कोयंडा एका स्क्रूवर लोंबत होता. ताई म्हणाली, "बसव पटकन."

"नाही ताई. हात लावायचा नाही. आधी तक्रार."

"वेडा झालास का? दार असं टाकून मी झोपू कशी?"

"मी बसतो दारात."

त्याने ठाण्यावर फोन लावला. माणूस नाही, उद्या येईल, असं उत्तर मिळालं. मग ताई रात्री दाराला लावायची तीच खुर्ची त्याने उंबऱ्याशी ओढली आणि बसला. संतापाने त्याचे कान तापले होते. दहा मिनिटांचं काम, हत्यारं पायाशी, आणि आपण हात बांधून बसायचं! ताईने आत बॅग भरायला घेतली. लेकीला, म्हणजे त्याच्या भाचीला, तिचा फोन करून झाला होता.

सकाळी अकराला भाची गाडी घेऊन आली. "मामा, पुरे झालं. चल आई."

ताई बॅग मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली. "थांब जरा. हा रात्रभर बसलाय. माझी तक्रार लिहून होऊ दे."

"अगं, तू इथे राहणारच नाहीस, मग कशाला?"

"राहणारे आहेत ना बाकीचे."

शिपाई चार वाजता आला, घामाघूम, तिसऱ्या वस्तीतून. बिचारा भला होता. त्याने सगळं विचारून लिहिलं. कोयंडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि ताईची सही घेतली.

"सहा महिन्यांतली ही कितवी?" कुलूपवाल्याने विचारलं.

"पाचवी असेल."

शिपाई गेल्यावर त्याने दार दुरुस्त केलं. चांगलं, जाड कोयंड्याचं. ताईने आतून एक फेरी मारली, गॅस पाहिला, खिडक्या ओढल्या. मग तिने दार ओढून घेतलं आणि त्याने कुलूप लावलं. सवयीने त्याने दोन्ही किल्ल्या तिच्यापुढे धरल्या.

"एक, दोन. मोजून घे."

ताईने त्याची मूठ धरली आणि बोटं मिटवली. "तिथे मला काय करायच्यात? तुझ्याकडेच राहू दे. आणि जेवत जा वेळेवर."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो मूठ मिटूनच पायरीवर उभा होता.